भूप आणि देशकार यांतील फरक

प्रश्न : पुढील स्वरवाक्य पूर्ण करा.

गाणं धैवतावर होतं. तिथून ते खाली येणार, पंचमावर जरासं टेकणार आणि मग षड्जावर उतरणार, एवढ्यात कुणीतरी रेडिओ बंद केला.

चतुरा भर रस्त्यात थांबली. मागून येणारा टांगा तिला चुकवून पुढं गेला. टांगेवाला काहीतरी बोलला, ते तिला ऐकू आलं नाही. पैठण गेटच्या अलीकडं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या दोन पायऱ्या चढून ती आत गेली.

"ते पुरं करा," ती म्हणाली.

काउंटरमागं एक तरुण एका मोठ्या सेटच्या पाठीत डोकं घालून बसला होता. त्यानं डोकं बाहेर काढलं. दुकानात डाग द्यायच्या राळेचा वास होता.

"काय पुरं करा?"

"गाणं. अर्ध्यावर बंद केलंत तुम्ही. सा यायचा होता."

"कोन यायचा होता?"

"सा."

त्यानं रस्त्याकडं पाहिलं. तिकडून कुणी येत नव्हतं.

"सेट बघत होतो," तो म्हणाला. "आवाज आला म्हंजे दुरुस्त झाला. म्हनून बंद केला."

"मग परत लावा."

त्यानं बटण फिरवलं. वाल्व तापायला अर्धं मिनिट गेलं. आधी खरखर आली, मग शिट्टी, मग एक गृहस्थ दंतमंजनाचे गुण सांगू लागले.

"संपलं की तिकडं," तो म्हणाला. "रेडिओ हाय. मी बंद केला म्हनून ते माझ्यासाठी थांबत नाय."

"म्हणजे आता मला दिवसभर ते टोचत राहणार."

ती जायला वळली. पायरीवर पाय ठेवला, तेव्हा मागून आवाज आला. तो गुणगुणत होता – तिच्याकडं न बघता, हातातला स्क्रू फिरवत फिरवत. धैवतावरून निघाला, पंचमाला घासून खाली आला, आणि सा. बरोबर सा. धैवत-पंचमामधली ती बारीक घसरण तिला क्लासमध्ये आठ दिवस घोटूनही आली नव्हती.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं," ती म्हणाली, आणि उतरून गेली.

दुकानाच्या आतल्या बाजूला वर्तमानपत्रामागं मालक बसले होते. जब्बारभाई. वय साठ, पांढरी दाढी, अंगात बिनइस्त्रीची शेरवानी. वर्तमानपत्र खाली आलं.

"क्यूं रे सांडू? हर गिऱ्हाइकाला ताई म्हणतोस. इनको कायको नहीं बोला?"

"गिऱ्हाईक नव्हती ती."

"हौ," जब्बारभाई म्हणाले. "वोच तो पूछरा मैं."

प्रश्न : एका वाक्यात उत्तरे द्या.

(अ) चतुरा कोण?

कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, राहणार उस्मानपुरा, औरंगाबाद, वय बावीस, नाव आजीचं.

(आ) ती रोज पैठण गेटवरून कुठं जाते?

औरंगपुऱ्यात नानासाहेबांकडं, गाणं शिकायला, सहा वर्षं झाली.

(इ) नानासाहेबांचा नियम कोणता?

सिनेमाचं गाणं जो गाईल, त्यानं त्यांच्या तानपुऱ्याला हात लावायचा नाही.

(ई) हे सगळं कधीचं?

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अॅक्शनला सोळा वर्षं झाली होती तेव्हाचं. निजामाच्या काळात इथल्या रेडिओवर गायलेले नानासाहेब अजून त्या गोष्टी सांगत आणि ऐकणारे कमी होत चालले होते.

(उ) चतुराचं काय पणाला लागलं होतं?

विशारदच्या फॉर्मवर गुरूची सही लागते, ती सही झाली तर परीक्षा, परीक्षा झाली तर मुलींच्या शाळेत गाण्याच्या बाईंची जागा, आणि सही झाली नाही तर परभणीचं स्थळ, जे वडिलांनी दिवाळीपर्यंत थांबवून धरलं होतं आणि ज्याला गाणं चालत नव्हतं.

(ऊ) सांडू कोण?

करमाडचा. त्याच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून आईनं ह्याला नाव असं ठेवलं की कुणाला न्यावंसं वाटू नये. तो राहिला. पुढं एस.टी.नं शहरात आला, जब्बारभाईंच्या हाताखाली रेडिओ शिकला. सा म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. (उत्तर एका वाक्यात बसलं नाही. गुण कापावेत.)

प्रश्न : जोड्या लावा.

दुसऱ्या दिवशी ती दुकानापुढून सावकाश गेली. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "परवाचं ते गाणं कुठलं होतं?"

"चितेगावचं," सांडू म्हणाला.

"सिनेमाचं नाव विचारतेय मी."

"ते नाय ध्यानात राहत. मी गावानं ठेवतो."

"गावानं?"

तो अवघडला. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. जब्बारभाईंनासुद्धा नाही.

"आता बघा... सेट दुरुस्त झाला की तासभर चालू ठेवायचा असतो. दिवसाला पाच-सहा सेट. गानी लई ऐकून होतात. मग ध्यानात येतं की ह्या गान्याची अन् त्या गान्याची चाल येगळी हाय, पन दोघं एकाच गावचे हायेत. बोली एक हाय त्यांची. मग मी गावं लावून दिली."

चतुरानं वहीची पिशवी काउंटरवर ठेवली.

"लावा एखादं."

भाद्रपदातली भुरभुर होती. समोरच्या पत्र्यावर तिचा आवाजही होत नव्हता. सांडूनं काटा फिरवला. रेडिओ सिलोन आलं, गेलं, परत आलं. एका बाईचा आवाज, मागं बासरी.

"हे?"

"चितेगाव. बहीन दिलीय तिथं. लाडात बोलते अन् मधीच रडते. तसं हाय हे."

"पिलू," चतुरा म्हणाली. "हा पिलू आहे. दोन्ही गंधार, दोन्ही निषाद. लाडही असतो आणि रडणंही."

"पिलू," सांडूनं म्हणून पाहिलं.

दुसरं गाणं लागलं. पुरुषाचा आवाज, संथ.

"हे चिकलठाणा. शहर संपतं, घरं मागं राहतात, अन् एकदम मोकळं रान. समदं लांबपर्यंत दिसतं."

"यमन. हा दुसरा. पुढचं?"

पुढच्या गाण्याला त्यानं दोन ओळी जाऊ दिल्या.

"हे जालना."

"का?"

"शेवटचा स्टॉप. इथं समदे उतरतात. ह्याच्या पुढं गाडी जात नाय."

चतुरा हसली. हसता हसता तिनं तोंडावर पदर धरला, कारण आत वर्तमानपत्र हललं होतं.

"भैरवी आहे ती. मैफलीत सगळ्यात शेवटी गातात. भैरवी झाली की लोक उठतात, चपला शोधतात..."

"मला कुनी सांगितलं नव्हतं."

"तेच तर."

तो दिवस सोमवार होता. मंगळवारपासून ती क्लासला पंधरा मिनिटं आधी निघू लागली. घरी तिनं सांगितलं की परीक्षा जवळ आली आहे. ते खोटं नव्हतं.

जब्बारभाईंनी दुकानात एक स्टूल वाढवलं. कुणासाठी, ते बोलले नाहीत.

प्रश्न : फरक स्पष्ट करा.

परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो. भूप आणि देशकार. दोघांत सूर तेच पाच. सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. वहीत चतुरानं लिहिलं होतं : भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार, देशकाराचा धैवत, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देशकार सकाळी. पाठ होतं. पण देशकार गायला बसली की तिसऱ्या आवर्तनात तिचा भूप होऊन जायचा. नानासाहेब डोळे मिटून ऐकत आणि नेमक्या त्या क्षणी उजवा हात वर करत. गाडी थांबवणाऱ्या कंडक्टरसारखा. सहा महिने तो हात वर होत होता.

"ही दोन गाणी बघा," ती एकदा सांडूला म्हणाली. धुणं वाळत घालताना नायिका म्हणते ते एक, आणि देवळात दिवे लागताना म्हणतात ते दुसरं. दोन्ही त्या वर्षी दिवसातून चारदा लागत. "ही तुमच्याकडं कुठल्या गावची?"

"दोनी करमाडची."

"एकाच गावची?"

"व्हय. पन एका गाडीची नायत." त्यानं हातातली पक्कड खाली ठेवली. "धुन्याचं गानं हाय, ती सकाळची गाडी. करमाडहून निघालेली. अन् दिव्याचं गानं हाय ती संध्याकाळची, करमाडला परत येनारी."

"रस्ता तोच."

"रस्ता तोच. गावं तीच, खड्डे बी तेच. पन सकाळच्या गाडीत समदे उभे असतात. माना लांब करून पुढं बघत असतात, शहर कवा दिसतं म्हनून. कुनी मागं टेकत नाय. संध्याकाळच्या गाडीत बसलेली मान्सं असतात. टेकून. घर येनारच हाय... घाई कशाला?"

तिनं हळूच गायलं – ओठांतल्या ओठांत, रस्त्यावर ऐकू जाणार नाही इतकं. गंधारावर टेकली. संध्याकाळ. मग वरून उचललं, धैवतावर उभी राहिली, खाली बघितलं आणि बसली नाही. सकाळ.

"अशी?"

"मान अजून लांब करायची."

"कुणी केली होती अशी मान? तुम्ही?"

"पैल्या दिवशी. सोळा वर्षांचा होतो. वाटेतल्या शेंद्र्यापासून उभा होतो टाचांवर." तो थांबला. "शहर दिसलं तवा वाटलं, एवढंच?"

"मग परत का नाही गेलात?"

"गेलो की. रोज संध्याकाळी जातो." त्यानं सेटकडं बोट दाखवलं. "दिव्याच्या गान्यानं."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत नव्हता. सेटच्या हिरव्या डोळ्याकडं बघत होता. स्टेशन नीट लागलं की तो डोळा मिटतो. आत्ता तो थरथरत होता.

"तुला कळतंय का," ती म्हणाली, "नानासाहेबांनी सहा महिन्यांत जे..."

तिथंच ती थांबली. तुम्हीचं तू झालं होतं. परत बदलायचं, तर आधी झालं होतं हे कबूल करावं लागलं असतं. तिनं पिशवी उचलली.

"उद्या येतेस... येता का?" सांडूनं विचारलं.

"पहिलं बरोबर होतं," ती म्हणाली आणि भुरभुरीत निघून गेली.

प्रश्न : पुढील मजकूर वाचा.

दुकानात एक श्रोता संघ होता. अध्यक्ष जब्बारभाई. सभासद : शेजारचा सायकलवाला बद्रीनाथ, टांगेवाला फकिरा आणि सांडू. काम एकच. सिलोनच्या सकाळी आठच्या कार्यक्रमाला फर्माइशीची कार्डं पाठवायची. जब्बारभाईंचा सिद्धांत असा होता की नावं ज्यादा, तर नंबर लवकर. म्हणून कार्डावर रिकामी जागा सोडायची नाही. माणसं कमी पडली तर गिऱ्हाइकांची नावं टाकायची. एकदा बद्रीनाथच्या बकरीचंही नाव गेलं होतं आणि वाचलंही गेलं होतं, आदरानं.

आवडाबाईंना हे चतुराकडून कळलं. आवडाबाई म्हणजे नानासाहेबांच्या पत्नी. छत्तीस वर्षं त्या ख्याल ऐकत स्वयंपाक करत होत्या.

"माझंही नाव टाकायला सांग गं," त्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "ते धुण्याचं गाणं. एकदा माझ्या नावानं लागू दे."

"काकू! नानासाहेबांना कळलं तर?"

"आठ वाजता ते खडकेश्वराला फिरायला गेलेले असतात. तुझं टाकतेस?"

"छे. माझा फॉर्म आहे."

तिनं दुकानात तसंच सांगितलं. काकूंचं टाका, माझं नको.

कार्ड सांडूनं लिहिलं. अक्षर त्याचं बरं होतं. जागा वाचावी म्हणून नावं दोन उभ्या रांगांत वरून खाली घेतली. डावीकडं दुकानातली-शेजारची माणसं, उजवीकडं बाकीची. उजवीकडं शेवटी एक जागा उरली.

जब्बार . . . . . . आवडाबाई

बद्रीनाथ . . . . . फकिरा

सांडू . . . . . . .

रिकामी जागा सोडायची नाही. नियम होता. चतुरानं नको म्हटलं होतं, हेही त्याला आठवत होतं. त्यानं दोनदा टाक उचलला आणि दोनदा ठेवला. मग त्याला वाटलं, एवढी कार्डं जातात, शंभरात एक लागतं. लिहिलं तर कुणाला कळणार आहे? फक्त आपल्याला कळेल की एका कार्डावर एकदा लिहिलं होतं.

त्यानं लिहिलं, आणि कार्ड पेटीत टाकलं.

दीड महिन्यानं, एका गुरुवारी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी, ते लागलं. निवेदकानं नावं वरून खाली वाचली नाहीत. आडवी वाचली. गोड आवाजात, प्रत्येक जोडीनंतर जराशी जागा सोडून :

"औरंगाबाद से – जब्बार और आवडाबाई... बद्रीनाथ और फकिरा... सांडू और चतुरा..."

मग धुण्याचं गाणं लागलं.

प्रश्न : कारणे द्या.

त्या दिवशी पैठण गेटपासून औरंगपुऱ्यापर्यंत कुणी कुणाला काही बोललं नाही. कारण ज्यानं ऐकलं होतं, त्याला आधी सांगावं लागलं असतं की आपण ऐकत होतो. हॉटेलात ऐकलं त्यांचं ठीक होतं. पण शाळेतले मास्तर, मारुतीचे पुजारी, चतुराचे वडील... चतुराचे वडील दाढी करत होते. त्यांनी गालाला साबण तसाच ठेवून शेजारच्या रेडिओसाठी भिंतीला कान लावला, मग साबण पुसला आणि कचेरीला गेले.

जब्बारभाईंच्या घरी मात्र बोलणं झालं. "मेरी बीवी पूछती, ये आवडाबाई कौन है," ते सांडूला म्हणाले. "चाळीस साल का निकाह है मियाँ. चाय नहीं मिली सुबह से."

सांडूनं एका चांगल्या सेटचा वाल्व काढला होता आणि तोच परत बसवत होता.

संध्याकाळी क्लास होता. चतुरा तानपुरा सुरात लावून बसली. नानासाहेब आले. त्यांनी तानपुरा तिच्या हातातून काढून घेतला आणि भिंतीला टेकवला.

"आज सकाळी," ते म्हणाले, "सबंध शहरानं जे ऐकलं, ते माझ्या कानावर आलं आहे."

"नानासाहेब, मी नाव–"

"सहा वर्षं! सहा वर्षं मी ह्या गळ्यावर मेहनत केली. आणि तो गळा कुठं जातो, तर फर्माइशीला. फॉर्म परत घेऊन जा. मी सही करणार नाही."

स्वयंपाकघराच्या दारात आवडाबाई येऊन उभ्या राहिल्या. हातात लाटणं होतं.

"कानावर आलं म्हणजे कुणाकडनं आलं?"

"कुणाकडनं म्हणजे... लोक बोलतात."

"कोण लोक?"

"तू मध्ये बोलू नकोस. तुझं नाव तर... त्या जब्बारबरोबर..."

"काय लागलं होतं त्यानंतर?"

"धुण्याचं गाणं," नानासाहेब म्हणाले. "आणि तेसुद्धा दुसरं कडवं कापून–"

ते थांबले. खोलीत भिंतीला टेकवलेल्या तानपुऱ्याची एक तार आपोआप जराशी वाजली.

"आठ वाजता तुम्ही खडकेश्वराला असता," आवडाबाई शांतपणे म्हणाल्या. "देवळापुढं हॉटेल आहे. सेट मोठा आहे त्यांचा. छान ऐकू येत असेल."

"मी ऐकत नाही. मी..." नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला. "रागाची किती मोडतोड करतात, ते बघायला हवं कुणीतरी."

"रोज?"

नानासाहेबांनी माघार मात्र घेतली नाही. नियम तीस वर्षांचा होता. तो असा एका सकाळीत मोडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"शनिवारी शेवटची तारीख आहे," ते चतुराला म्हणाले. "शनिवारी ये. माझ्यापुढं देशकार गायचा. भूप झाला, तर फॉर्म घेऊन घरी जायचं आणि परभणीला पत्र पाठवायचं. मला त्यापुढं काही विचारायचं नाही."

प्रश्न : टीप लिहा – दोन दिवस.

शुक्रवारी ती पैठण गेटवरून गेली नाही. लांबच्या रस्त्यानं बाजारात गेली आणि त्याच रस्त्यानं परत आली. काउंटरपुढचं स्टूल रिकामं राहिलं. एका गिऱ्हाइकानं त्यावर बूड टेकायला बघितलं, तेव्हा सांडू म्हणाला, "तुटकं हाय ते." ते तुटकं नव्हतं.

शनिवारी दुपारी आवडाबाई स्वतः दुकानात आल्या. जब्बारभाई उठून उभे राहिले. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघंही इतकं हसले की बद्रीनाथ सायकल सोडून बघायला आला. हसणं संपल्यावर आवडाबाई सांडूकडं वळल्या.

"तिनं नको म्हटलं होतं ना रे?"

"व्हय."

"मग?"

"जागा रिकामी होती," सांडू म्हणाला. मग खाली बघून, "नाय. खरं तसं नाय."

"आज पाच वाजता तिची सही ठरायची आहे," आवडाबाई म्हणाल्या. "तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

पावणेपाचला सांडूनं रॉकेलनं हात धुतले. मग साबणानं. जब्बारभाईंनी न मागता आपल्या टोपीखालचा कंगवा काढून दिला.

तोंडी परीक्षा

चतुरानं तानपुरा घेतला. नानासाहेबांनी डोळे मिटले. फॉर्म त्यांच्या पुढं डेस्कवर होता, वर दौत ठेवलेली. आवडाबाई स्वयंपाकघराच्या दारात बसल्या होत्या.

ती पहिल्यांदा धैवतावर गेली. तिनं वहीतलं काही आठवलं नाही. वादी नाही, संवादी नाही. तिनं एक खचाखच भरलेली गाडी आठवली. सोळा वर्षांचा मुलगा टाचांवर उभा. त्याची मान लांब झालेली, समोर काच, काचेत अजून काहीच दिसत नाही. धैवतावर ती तशी उभी राहिली. पंचमाला टेकल्यासारखं केलं आणि टेकली नाही. गंधार वाटेत आला. गंधार म्हणजे बाक होता, रिकामा, ये बस म्हणणारा. ती त्याला हात लावून पुढं गेली.

दुसरं आवर्तन. तिसरं.

तिसऱ्या आवर्तनात नानासाहेबांचा उजवा हात सवयीनं मांडीवरून उचलला गेला. अर्ध्यावर आला. तिथंच राहिला. मग सावकाश खाली गेला.

गाणं संपलं.

"हे मी शिकवलं नाही," डोळे न उघडता ते म्हणाले. "मी हेच शिकवत होतो, पण हे मी शिकवलं नाही. कुणी सांगितलं तुला, देशकारात बसायचं नसतं?"

आवडाबाईंनी दारातून डोळे मोठे केले. *तुम्हीच, म्हण. एक शब्द. तुम्हीच म्हण आणि सही घे.* चतुरानं ते डोळे पाहिले. फॉर्म पाहिला. त्यावर तिचं नाव तिच्याच अक्षरात होतं, आणि खाली ठिपक्यांची ओळ.

"सूर तुम्ही दिलेत," ती म्हणाली. "फरक रेडिओच्या दुकानातल्या सांडूनं सांगितला. सिनेमाच्या गाण्यावरून. मी दीड-दोन महिने रोज तिथं बसत होते. कार्डावर नाव मी दिलं नव्हतं, पण गाणी मी ऐकली. सगळी ऐकली."

तानपुरा अजून तिच्या हातात होता. बोटं आपोआप फिरत होती.

"त्याला सा कळतो?"

"नाव माहीत नाही. जागा माहीत आहे."

नानासाहेबांनी डोळे उघडले. चष्मा लावला. त्या चष्म्यातून त्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिल्यासारखं पाहिलं. आजवर ते तिला फक्त ऐकत आले होते.

"कोण लागतो तो तुझा?"

"अजून कुणी नाही."

"अजून?"

"तुम्ही सही केलीत," चतुरा म्हणाली, "की त्याला विचारणार आहे. सही नाही झाली, तर परभणीचे लोक येतील, मग विचारायला वेळ..."

"व्हय."

तिघांनी बाहेरच्या दाराकडं पाहिलं. सांडू बाहेरच्या पायरीवर उभा होता. चपला हातात, केस ओले विंचरलेले. औरंगपुऱ्यापर्यंत येताना त्यानं एक वाक्य घोकलं होतं – चूक माझी हाय, तिला ठाऊक नव्हतं, सही करा. चांगलं वाक्य होतं. त्यातला एक शब्दही त्याच्या तोंडात आला नाही.

"काय व्हय?" नानासाहेबांनी विचारलं.

"ती जे इचारनार हाय..." सांडू म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "त्याला. व्हय."

आवडाबाईंनी पदर तोंडाशी नेला. चतुराची बोटं तारेवर थांबली.

नानासाहेबांनी टाक दौतीत बुडवला, फॉर्म पुढं ओढला आणि चष्म्यावरून दाराकडं पाहिलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "तिनं अजून विचारलेलं नाही."

त्यांनी सावकाश, पूर्ण नावानं सही केली. वर टीपकागद दाबला. मग चतुरानं तानपुरा खाली ठेवला आणि ती उठून दाराकडं गेली.